एली, एलिया, एलोजी

लेआ मावशी गेल्या हे मला गुरुवारी सकाळी साडेनऊला कळलं. मी घरूनच काम करत होते, लॅपटॉपवर रोजची मीटिंग चालू होती आणि माझी पाळी यायला अजून दोन माणसं होती. तेवढ्यात फोनवर डॅनियलचं नाव दिसलं. डॅनियल हा मावशींच्या दिराचा मुलगा, न्यू जर्सीत जन्मलेला आणि वाढलेला. तो वर्षातून दोन-तीनदा मेसेज करतो, फोन कधी करत नाही. त्यामुळे नाव बघताच मी मीटिंग सोडली. "सुनीता आंटी, शी पास्ड धिस मॉर्निंग. इन हर स्लीप," तो म्हणाला. मग जरा थांबून, त्याला येणाऱ्या मोजक्या मराठीत म्हणाला, "काकी गेली..." खिडकीबाहेर आमच्या श्रूजबरी गावाचा फेब्रुवारीतला जुना, मळका बर्फ होता. मावशींना तो अजिबात आवडायचा नाही. बर्फ पडावा तर ताजा पडावा, नाहीतर वितळून जावा, असं त्या म्हणायच्या.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुरू होण्याआधी, दफन झालं. ज्यू लोकांत वाट बघत नाहीत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते डॅनियलनं जवळच्या वूस्टर शहरातल्या सिनेगॉगमधून गोळा केले. त्यातल्या एकालाही मावशींशी मराठीत बोलता आलं नसतं. गोठलेली माती आधीच फोडून ठेवली होती. माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, फावड्यानं माती लोटली, मग मी, मग माझी लेक रुचा, जावई लुक आणि शेवटी माझा सहा वर्षांचा नातू. त्यानं फावडं घेतलं नाही. हातमोजा काढला, मूठभर माती उचलली आणि आत टाकली. त्याचं नाव आहे एली. ते त्याच्या वडिलांनी फ्रान्समधून आणलं. पण ते खऱ्या अर्थानं मला दिलं मावशींनी, आणि त्या देण्याची किंमत काय होती हे आमच्यापैकी फक्त मला ठाऊक होतं.

मावशींची आणि माझी ओळख पंधरा वर्षांपूर्वी इंडियन स्टोअरमध्ये झाली. निळा कोट, गळ्यात मंगळसूत्र, डोक्याला मफलर, आणि दुकानदाराला सांगणं चाललेलं, "अरे बाबा, हे तांदळाचं पीठ जाडं आहे, याचं घावन तव्याला चिकटतं." दुकानदार गुजराती. त्याला घावन म्हणजे काय हेच कळेना. मी मध्ये पडले. मी नागपूरची, मलाही घावनाबद्दल फारसं कळत नव्हतं, पण मराठी ऐकून राहवेना. बाहेर पडताना विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?" "अलिबागकडची. थळकर." मी मनात एक-दोन जाती जुळवून बघितल्या, आपण सगळेच करतो तसं. त्यांनी ते ओळखलं असणार. हसून म्हणाल्या, "नाही जुळायची. आम्ही बेने इस्रायल. आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली."

मराठी ज्यू असतात हे मी शाळेत कुठंतरी वाचलं होतं. पाहिलेल्या या पहिल्याच. पुढं त्या माझ्या घरच्याच झाल्या. मुंबईत नर्स होत्या, नवऱ्याबरोबर, सॅमसन काकांबरोबर, इथं आल्या, इथल्या परीक्षा पुन्हा देऊन इथंही नर्सच झाल्या. काका गेल्यावर क्विन्सिगामंड तळ्याजवळच्या ज्येष्ठांच्या इमारतीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूलबाळ नव्हतं. निदान मला तसंच वाटत होतं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला यायच्या, गणपतीच्या आरतीला मागं हात जोडून उभ्या राहायच्या, प्रसाद घ्यायच्या नाहीत, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच तर शांतपणे सांगायच्या, "मोदक सुंदर दिसतायत. मला न ठेवलेले चालतील, दोन बांधून दे." देवासमोर न ठेवलेले, असं त्यांना म्हणायचं असे. इतक्या हलक्या हातानं स्वतःचं वेगळेपण सांभाळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये रुचा बाळंत झाली, दहा आठवडे आधी. बाळ माझ्या तळहातापेक्षा थोडंच मोठं होतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, छातीवर तारा. लुकनं त्याच संध्याकाळी कागदपत्रांवर नाव लिहून टाकलं, एली. त्याच्या स्वतःच्या आजोबांचं नाव. लियाँजवळच्या गावात ते पाव भाजायचे. रुचा आणि लुकचं हे आधीच ठरलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थकलेली होते, घाबरलेली होते, आणि माणूस घाबरलं की भलत्याच गोष्टीला धरून बसतं. मी नावाला धरून बसले. मंडळातल्या एकीनं फोनवर विचारलं, "एली? म्हणजे मुलगी झाली?" नागपूरहून माझी आई म्हणाली, "इलायची का?" मी रुचाला म्हटलं, "अगं, हाक मारता येईल असं तरी काही ठेवा. अर्णव ठेवा, विहान ठेवा. आपल्याकडं बारसं असतं, आत्या असते..." ती खुर्चीत अर्धवट आडवी होती. म्हणाली, "आई, हे त्याचं नाव आहे. हा ऑप्शन नाहीये."

मी नाव घेतलंच नाही. 'बाळ' म्हणायचे. 'बाळ कसं आहे', 'बाळानं दूध पचवलं का'. सहाव्या दिवशी त्याला इन्फेक्शन झालं. डॉक्टर बोलताना आमच्या डोळ्यांत बघेनासे झाले. आठव्या दिवशी बाळाच्या खोलीच्या दारातच रुचानं मला थांबवलं. इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "तू मुद्दाम बाळ-बाळ करतेस ते लुकला समजतं. तो काही बोलत नाही, बट ही नोज. तुला त्याचं नाव घ्यायचं नसेल तर प्लीज आत येऊ नकोस." मी कॉरिडॉरमध्ये दोन तास बसले, आणि मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींकडं गेले. त्या गॅसवर डाळ ठेवून टेबलाशी भेंडी चिरत होत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं, मुख्यतः माझा अपमान. "आणि नाव तरी काय म्हणे, एली." सुरी थांबली. "परत सांग." "एली." "लिहितात कसं?" मी एका पाकिटाच्या मागं रोमन लिपीत लिहून दाखवलं, पहिल्या ई वर तिरकी रेघ देऊन. त्यांनी चष्मा लावला, पाकीट हातात घेतलं आणि बराच वेळ त्या चार अक्षरांकडं बघत राहिल्या.

"हे एलियाहू आहे," त्या म्हणाल्या. "आमचा एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू. एली म्हणजे माझा देव. याहू हे त्या देवाचं नाव. माझा देव तो, एवढाच अर्थ. ग्रीकांकडं गेलं तेव्हा त्याचं एलियास झालं, फ्रेंचांनी शेवटचा स सोडून दिला. इंग्रजांनी एलायजा केलं. नाव तेच." मग त्यांनी सांगितलं, की हा नबी स्वर्गात गेला तो अग्नीच्या रथातून, आणि जाताना त्यानं अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर रथ टेकवला अशी त्यांच्या लोकांची श्रद्धा आहे. रथाच्या चाकाची खूण तिथं दगडात आहे. लहानपणी बैलगाडीतून त्या तिथं जायच्या, नारळ घेऊन. मी ऐकतच राहिले. लियाँजवळच्या एका बेकरीतून आलेलं, मला परकं परकं म्हणून टोचणारं नाव... आणि त्याचा माग माझ्याच भाषेतल्या एका खडकापर्यंत जात होता.

"आणि हाक मारता येत नाही म्हणतेस? आमच्या म्हाताऱ्यांनी कधीच सोय करून ठेवलीये. मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा समाजी. आणि एलियाहूचा एलोजी. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव एलोजी होतं." मला हसू आलं. एलोजी. मालोजी, शहाजीच्या ओळीत सहज जाऊन बसेल असं. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आज कितवा दिवस?"

"नववा."

"आणि तू त्याला काय म्हणतेस?"

"बाळ."

त्या उठल्या, गॅस बंद केला, आणि परत येऊन बसल्या. मग जे सांगितलं ते भेंडीकडं बघतच सांगितलं. मुंबईत, त्या सत्तावीस वर्षांच्या असताना, त्या ज्या हॉस्पिटलात नोकरी करत होत्या तिथंच त्यांना सातव्या महिन्यात मुलगा झाला होता. नाव ठरलं होतं, आजेसासऱ्यांचं. पण त्यांच्यात मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंता करताना, चारचौघांत उच्चारतात. मूल अशक्त, म्हणून विधी पुढं ढकलला. आधी नाव घेऊ नये, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून सगळे बाळच म्हणत होते. "अकराव्या दिवशी गेला. मी एकदाही हाक मारली नाही त्याला. त्याच्या कानावर त्याचं नाव पडलंच नाही गं... सॅमसन आणि मी, आम्ही दोघंही ते नाव नंतर बोललो नाही. पन्नास वर्षं झाली. आज तुझ्यासमोर घेतलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, आणि पुढं सांगितलं, जणू ते आधीच्यापेक्षा किरकोळ होतं, की महिन्याभरानं त्या कामावर परत गेल्या आणि नवजात बाळांचाच वॉर्ड मागून घेतला. तिथं आणि नंतर इथं मिळून तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची अपुऱ्या दिवसांची मुलं सांभाळली. "पाळण्याला नावाची चिठ्ठी लावायची असते. नाव ठरलं नसलं तर 'अमकीचं बाळ' असं लिहायचं. सगळी कामं केली मी, सगळी. तेवढी चिठ्ठी मात्र दुसरीला लिहायला सांगायचे."

मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ऊठ. आत्ताच्या आत्ता जा. त्याला त्याच्या नावानं हाक मार. फ्रेंच घे, मराठी घे, तुझी मर्जी. पण नाव घे."

त्या सकाळी मी रस्त्यावर गाडी कशी चालवली ते आठवत नाही. कोपरापर्यंत हात धुतले, पिवळा गाऊन घातला. रुचानं मला दारात बघितलं आणि ती बाजूला झाली. पेटीच्या काचेला हात घालायला गोल झरोका असतो. मी त्यातून बोट आत घातलं, त्याच्या तळव्याला टेकवलं आणि म्हटलं, "एली... एलोजी... मी आजी." मॉनिटरवरचे आकडे होते तसेच राहिले. त्यानं डोळे उघडले नाहीत. खरं तेच सांगते. पण त्याची बोटं माझ्या बोटाच्या टोकाला लागलेली होती, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडं बघत होते, त्याच्या नळ्यांकडं नाही.

"काय म्हणालीस?" रुचानं विचारलं. मी सांगितलं. खंडाळ्याचा खडक, समाजी, मुसाजी, सगळं. मावशींच्या मुलाचं तेवढं सांगितलं नाही. लुक पलीकडं उभा होता, त्याला रुचानं इंग्रजीत समजावलं. त्याला तरी कुठं नावाचा अर्थ ठाऊक होता. त्याच्यासाठी ते फक्त आजोबांचं नाव. त्यानं दोन-तीनदा म्हणून बघितलं, "एलो-जी," आणि म्हणाला, "ही वुड हॅव लाइक्ड दॅट. माय ग्रँडफादर." रुचा माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. पुढं चार दिवस अवघड गेले, मग ताप उतरला, आणि सात आठवड्यांनी एली घरी आला.

त्या सात आठवड्यांत मावशी एकदाही हॉस्पिटलात आल्या नाहीत. रोज सकाळी फोन करून ऑक्सिजन किती, वजन किती विचारायच्या, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते मला लिहून घ्यायला लावायच्या. मूल घरी आलं त्या आठवड्यात म्हणाल्या, "रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात मलिदा करायचाय." मलिदा म्हणजे एलियाहू हनाबीच्या नावानं बेने इस्रायल लोक करतात ते ताट. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि भोवती पाच प्रकारची फळं. नवस फेडताना करतात, लग्नाआधी करतात. आपल्या मुलाच्या वेळी त्यांनी मलिद्याचा नवस बोलला होता. मूल गेलं, तेव्हा फेडायला काही उरलं नाही. पण नंतर त्यांनी मलिदा कधी केलाच नाही. दुसऱ्यांकडं जायच्या, ताट पुढं आलं की हात लावून कपाळाला न्यायच्या, खायच्या नाहीत.

मी फ्रोझन खोबरं आणलं होतं. त्यांनी ते फ्रीजरमध्ये परत ठेवायला लावलं आणि श्रीकांतला नारळ फोडायला ड्राइव्हवेवर पाठवलं. पोहे स्वतः धुतले, चाळणीत निथळू दिले, बोटानं दाबून बघितले. सफरचंद, केळी, संत्री, द्राक्षं, खजूर मांडले, मधे एक गुलाब ठेवला. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, म्हणून लुक त्याची बेसबॉलची टोपी घालून उभा राहिला आणि श्रीकांत कानटोपी. मे महिन्यात. मावशींनी दोघांकडं बघून मान डोलावली. "हे म्हणायचं असतं पुरुषांनी," त्या म्हणाल्या. "सॅमसन असते तर त्यांनी म्हटलं असतं. आता हनाबीला माझाच आवाज ऐकावा लागेल."

आणि त्या गायला लागल्या. शब्द हिब्रू, मला एकही कळत नव्हता. पण चाल... ती कुठल्या वाळवंटातली नव्हती. आपल्याकडच्या कीर्तनात म्हणावी तशी ती चाल होती, सावकाश, हेलकावे घेणारी. मधे एकदा ओळ आठवेना. त्या थांबल्या. डोळे मिटलेले, एक हात ताटाच्या कडेवर. स्वयंपाकघरात फक्त फ्रीजचा आवाज येत होता. केवढा काळ गेला कोण जाणे, मग ती ओळ कुठूनशी आली, त्यांच्या ओठांवर आधी आणि आवाजात नंतर, आणि त्या पुढं गेल्या. शेवटी त्यांनी रुचाच्या मांडीवरच्या मुलाच्या कानाशी वाकून एलियाहू असं पूर्ण नाव घेतलं, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून. मग ताटातला पहिला घास उचलला आणि स्वतः खाल्ला. मी बघत होते. देवळात गेल्यावर मला जे वाटायला हवं असतं आणि सहसा वाटत नाही, ते त्या दिवशी माझ्या ओट्याशी उभं राहून मला वाटलं.

नंतरची सहा वर्षं सुखाची गेली, त्यामुळे सांगण्यासारखं कमी आहे. एली त्यांना 'माव' म्हणायचा. त्या त्याच्याशी मराठीतच बोलायच्या, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही अडचण दिसत नव्हती. बालवाडीत शिक्षिकेनं विचारलं, 'तुझं नाव कुठल्या भाषेतलं?' तर त्यानं सांगितलं, "ऑल ऑफ देम." मावशींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हुशार आहे." त्यांच्या मुलाचा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही. एक दिवस होता, ऑगस्टमधला. त्या दिवशी त्या फोन उचलायच्या नाहीत. मी विचारलं नाही.

दफनानंतर तीन आठवड्यांनी डॅनियल त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या करायला आला. मी मदतीला गेले. दुपारपर्यंत भांडी, कपडे, औषधं यांची खोकी भरून झाली. मग चहा घेताना त्यानं फोनवर एक मजकूर दाखवला. थडग्यावर वर्षाच्या आत दगड बसवायचा असतो, त्यावर काय कोरायचं ते त्यानं लिहून आणलं होतं. नाव, सॅमसन थळकर यांची प्रिय पत्नी, प्रिय काकी, अनेकांची परिचारिका. "डिड आय मिस एनिथिंग?" त्यानं विचारलं.

मी कप खाली ठेवला. मावशींनी मला कुणाला सांगू नकोस, असं कधीच म्हटलं नव्हतं. सांग, असंही म्हटलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती सगळी माणसं आता गेलेली. मी बोलले नाही तर तो मुलगा दुसऱ्यांदा बिननावाचा जाणार होता.

"आई," मी म्हटलं. "ते राहिलंय."

"आंटी, शी डिडन्ट हॅव किड्स."

मग मी त्याला सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. बाहेर तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला होता. मग त्यानं विचारलं, "व्हॉट वॉज हिज नेम?"

"एलोजी."

त्यानं स्पेलिंग विचारलं, मी एकेक अक्षर सांगितलं. ते फोनवर लिहून त्यानं परत वाचलं. मग टेबलावरचं पेन आणि एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "मराठीत पण लिहा," तो म्हणाला. "दगडवाला बघून काढेल." मी तीन ओळींची जागा घेईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, मराठी न येणाऱ्या माणसाला वेलांटी कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे नीट दिसावं म्हणून... एलोजीची आई.